पन्नाशीपुढचा सभासद आणि खिशातला फोन



ऊस नोंदीच्या फॉर्मवर मोबाईल नंबरासाठी एक रकाना असतो. तो भरायची वेळ आली की आपले बरेच वयस्क सभासद मागे वळून पाहतात आणि म्हणतात, "जरा दम धरा, पोराला विचारून सांगतो." मग त्या रकान्यात पोराचा, पुतण्याचा, पुण्याला नोकरीस असलेल्या नातवाचा, कधी तर चौकातल्या दुकानदाराचा नंबर पडतो. ऊस सभासदाचा, शेअर सभासदाचा, बँकेतले खाते सभासदाचे आणि निरोप मात्र दुसऱ्याच्या खिशात, अशी ही तऱ्हा आहे. गट ऑफिसात येणाऱ्या तक्रारींपैकी पुष्कळशा या एका रकान्यापाशी येऊन थांबतात, म्हणून या अंकात त्याविषयी थोडे सविस्तर लिहीत आहोत.

आता या निरोपात असते तरी काय, ते पाहू. गाडी काट्यावर आली की भरलेले वजन होते, ऊस उतरला की रिकामे वजन होते, आणि त्यातून निघालेले निव्वळ टनेज, गाडी नंबर, तारीख, स्लिप नंबर एवढे संगणकातून सभासदाच्या मोबाईलवर जाते. पुढे बिल बँकेत जमा झाले की बँकेचा निरोप वेगळा येतो. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ मध्ये ऊस पोचल्यापासून १४ दिवसांच्या आत बिल द्यावे आणि उशीर झाल्यास सालाना १५ टक्के दराने व्याज द्यावे असे नमूद आहे. हे आम्ही कारखान्याच्याच अंकात लिहीत आहोत याचे काही सभासदांना नवल वाटेल. पण कारखाना सभासदांचा आहे, आणि चौदा दिवस मोजायचे तर पहिला दिवस कोणता ते सभासदाच्या हातात लेखी असले पाहिजे. ते लेखी म्हणजेच हा निरोप. तो दुसऱ्याच्या फोनवर गेला तर वजनाचा ताळा घेणार कोण? पुण्याच्या नातवाला आपली गाडी भरून गेली की नाही तेही ठाऊक नसते.

याहून वाईट प्रकार बंद पडलेल्या नंबरांचा. पुष्कळांना वाटते की एकदा घेतलेला नंबर जमिनीच्या गट नंबरासारखा आपल्या नावे कायमचा झाला. तसे नाही. सिम कार्ड नव्वद दिवस वापरात नसले, शिल्लक संपली, तर कंपनी नंबर बंद करू शकते, आणि मधे आणखी निदान नव्वद दिवस सोडून तोच नंबर दुसऱ्या गिऱ्हाइकाला देऊ शकते. म्हणजे हंगाम संपल्यावर ट्रंकेत ठेवलेल्या जुन्या फोनचा नंबर पुढल्या हंगामापर्यंत नागपूरच्या कोणा मुलाच्या खिशात गेलेला असू शकतो. मग आपल्या उसाचे टनेज त्याला कळते. ते एक वेळ चालेल, पण तोच नंबर बँकेतही दिलेला असेल तर खात्याचे निरोप आणि ओटीपी म्हणजे एकदाच वापरायचा सांकेतिक आकडासुद्धा त्याच्याकडेच जाणार. तेव्हा नंबर बदलला असेल तर तो आधी बँकेत बदला, मग कारखान्यात.

"या वयात आता काय शिकायचं" असे म्हणणाऱ्यांना आमचे उत्तर जरा लांब आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीस लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने काळी आई विषारी होईल अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकायला त्यांना दोन वर्षे लागली असे सांगतात. त्याच शेतकऱ्यांच्या नातवंडांनी पुढे मोट सोडून ऑइल इंजिन बसवले, आणि त्यांच्या मुलांनी इंजिन काढून विजेची मोटर. १९७२ साली २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि पुढे 'आमची माती, आमची माणसं' लागायची वेळ झाली की ज्या एका घरात टी.व्ही. त्या घरी आळी जमायची. पोस्टातला ट्रंक कॉल, मग एस.टी.डी.चा पिवळा बूथ, मग घरातला काळा फोन, हे सगळे आजच्या साठी-सत्तरीच्या माणसाने एकाच आयुष्यात पाहिलेले आहे. देशातला पहिला मोबाईल फोन ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांना केला. तेव्हा आलेल्या फोनलासुद्धा पैसे पडत. २००३ सालच्या मे महिन्यापासून ते बंद झाले, आणि त्यानंतरच मोबाईल खऱ्या अर्थाने बांधावर आला. एवढे बदल ज्यांनी पचवले त्यांनी काचेच्या फोनला भ्यावे हे आम्हाला पटत नाही. त्यांची बुद्धी कुठे कमी पडलेली नाही. मधल्या दहा-पंधरा वर्षांत "द्या इकडं, मी करतो" म्हणणारे माणूस घरात होते, एवढाच काय तो फरक.

शिवाय बरेच सभासद हे तंत्र कधीच शिकून बसले आहेत, फक्त त्याला ते शिकणे म्हणत नाहीत. विहिरीवरच्या मोटरीचा मोबाईल स्टार्टर पाहा. थ्री-फेज वीज पाळीने येते, कधी दिवसा, कधी मध्यरात्री. पूर्वी रात्री अकराला बॅटरी घेऊन, ओढा ओलांडून, साप-विंचवातून विहिरीवर जायचे. गेल्यावर कळायचे की एक फेज नाही. आता स्टार्टरच्या पेटीत एक सिम असते. घरून फोन लावला की पेटी आधी तिन्ही फेज आहेत का, दाब बरोबर आहे का ते पाहते आणि मग मोटर टाकते. विहिरीचे पाणी तळाला गेले तर मोटर आपोआप पडते, आणि तसा निरोपही येतो. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी 'नॅनो गणेश' नावाचे असे यंत्र तयार केले. आता निरनिराळ्या कंपन्यांची मिळतात. साध्या बटणाच्या फोनवरून हे सर्व चालते. हा स्टार्टर वापरणाऱ्या सभासदाने "मला मोबाईल कळत नाही" असे म्हणू नये, ही आमची प्रेमाची तक्रार आहे.

बटणाच्या फोनवरून होणारे आणखी एक काम म्हणजे किसान कॉल सेंटर. २००४ सालच्या जानेवारीत सुरू झालेल्या या सेवेचा नंबर १८००-१८०-१५५१. सकाळी ६ ते रात्री १० या वेळात फोन लावावा, मराठीत बोलावे, पैसे पडत नाहीत. लोकरी मावा आला, हुमणीने खोडवा वाळला, कोणते औषध किती घ्यायचे, हे विचारता येते. कारखान्याचा शेतकी स्टाफ आहेच, पण रविवारी संध्याकाळी तो बांधावर सापडेलच असे नाही!

आता काचेच्या फोनकडे वळू. पहिली अडचण बोटांची आहे, आणि तिच्याविषयी कोणी बोलत नाही. नातवाने नुसते टेकवले तरी फोन ऐकतो, आजोबांनी तीनदा दाबले तरी ढिम्म हलत नाही. यात आजोबांचा दोष नाही. ही काच दाब ओळखत नाही. काचेखाली विजेचा फार सूक्ष्म भार खेळवलेला असतो, बोट टेकले की त्यात फरक पडतो, आणि तो फरक फोनला कळतो. खुरप्याने, पाचटाने, चुन्या-मातीने घट्टे पडलेली कोरडी कातडी हा फरक नीट पोचू देत नाही. तेव्हा जोरात दाबून उपयोग नाही. उलट बोट जास्त वेळ टेकून राहिले की फोनला वाटते दुसरेच काही मागितले, आणि भलतीच यादी उघडते. हात धुवावेत, पुसावेत, बोटाला किंचित तेलाचा वा क्रीमचा ओलावा असू द्यावा, आणि बोटाचे टोक न टोचता पेर हलकेच टेकून लगेच उचलावे. तरी जमले नाही तर करंगळी वापरून पाहावी, तिला घट्टे कमी असतात. ओल्या हाताने मात्र काच वेड्यासारखी वागते.

दुसरी अडचण डोळ्यांची. फोनच्या सेटिंगमध्ये अक्षर मोठे करण्याची सोय असते आणि सगळा फोन मराठीत करण्याचीही. ही दोन कामे घरातल्या पोराकडून पहिल्याच दिवशी करून घ्यावीत. मराठी टाइप करणे किचकट वाटत असेल तर अक्षरांच्या पाटीवर माइकचे चित्र असते, ते दाबून बोलावे. बोललेले आपोआप उमटते. शब्द इकडचे तिकडे होतात, "खोडवा" म्हटले तर काही भलतेच येते, पण गावाकडची बोली त्याला हळूहळू बरीच समजू लागली आहे.

सुरुवात कोठून करावी? आमचे स्पष्ट मत असे की पैशाच्या व्यवहारापासून करू नये. बँकेपासून सुरुवात केली की भीती बसते, आणि भीती बसली की फोन पुन्हा नातवाच्या हातात जातो. सायकल शिकताना आपण आधी कैची मारली, मग नळीवर, मग सीटवर बसलो. तसेच इथे करावे. पहिला महिना फोन घेणे, लावणे आणि आलेला निरोप उघडून वाचणे एवढेच. काट्याचा निरोप आणि कागदी स्लिप शेजारी ठेवून दोन्ही आकडे जुळतात का पाहण्याची सवय याच महिन्यात लागते. मग व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो काढून पाठवणे. उसाच्या पानावरचा तांबेरा, पोंगा मर शब्दांत सांगताना अर्धा तास जातो, तेच स्वच्छ उजेडात काढलेल्या दोन फोटोंनी कृषी सहायकाला लगेच कळते. एक फोटो पानाचा जवळून, एक उभ्या रोपाचा लांबून, असे दोन असावेत.

त्यानंतर हवामान. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' हे अ‍ॅप विजा कोठे पडत आहेत ते सांगते आणि आपल्या सभोवार वीस ते चाळीस किलोमीटरच्या टापूत धोका असेल तर सूचना देते. वळवाच्या दिवसांत उसाच्या फडात काम करणाऱ्या टोळ्यांसाठी आणि झाडाखाली बैल बांधणाऱ्यांसाठी याचे मोल किती, ते सांगायला नको. 'मेघदूत' हे दुसरे. त्यात दर मंगळवारी व शुक्रवारी जिल्ह्याचा अंदाज आणि पिकाचा सल्ला येतो. पाणी देऊन दुसऱ्या दिवशी पाऊस पडला की आपण नशिबाला बोल लावतो, त्यापेक्षा शुक्रवारी एकदा पाहिलेले बरे.

ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. आपल्या शेतात उभे राहून, फोनचे लोकेशन चालू ठेवून, पिकाचा फोटो काढून आपल्या सातबाऱ्यावरची पीक नोंद आपणच करायची. येथे नातवाच्या फोनने पुण्याहून काम भागत नाही, शेतात जावेच लागते. ही नोंद राहिली तर नुकसानभरपाईच्या वेळी रकाना कोरा दिसतो आणि मग हेलपाटे सुरू होतात. डिजिटल सहीचा सातबाराही १५ रुपयांत फोनवर निघतो. तलाठी कार्यालयात घातलेल्या खेपा ज्याने मोजल्या असतील त्याला या १५ रुपयांची किंमत बरोबर कळेल.

आता पैसे. यूपीआयची सुरुवात मुंबईत ११ एप्रिल २०१६ रोजी झाली आणि आज भाजीवाल्यापासून खताच्या दुकानापर्यंत सगळीकडे चौकोनी ठिपक्यांचा कागद चिकटवलेला दिसतो. साध्या फोनवाल्यांसाठीही मार्च २०२२ मध्ये १२३पे नावाची सोय निघाली. ज्यांना हे वापरायचे नाही त्यांनी वापरू नये. रोखीने व्यवहार करणारा माणूस अडाणी ठरत नाही. मात्र वापरायचे ठरवले तर आमची एक सूचना जरूर ऐकावी. उसाचे बिल ज्या खात्यात जमा होते ते खाते फोनला जोडू नका. दुसरे एक लहान खाते उघडा, त्यात महिन्याच्या खर्चापुरते दोन-तीन हजार ठेवा, आणि तेवढेच खाते फोनला जोडा. आपण बाजारात जाताना घरातली सगळी पुंजी कनवटीला लावून जात नाही, ही तशीच गोष्ट आहे. कोणाला प्रथमच पैसे पाठवायचे असतील तर आधी एक रुपया पाठवा, पडद्यावर आलेले नाव वाचा, समोरच्याला मिळाला का विचारा, मग रक्कम. चुकीच्या नंबराला गेलेले पैसे परत येणे फार जिकिरीचे असते.

फसवणुकीचा विषय आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला आहे, पण सर्वांनी लक्ष देऊन वाचावा असा तोच आहे. उसाचे बिल जमा होण्याचे दिवस सर्वांना ठाऊक असतात, चोरांनाही. आपल्या खात्यात वर्षाची कमाई एकदम येते, त्यामुळे एका फोनमध्ये वर्षाचा घास जाऊ शकतो.

पिन हा पैसे देण्यासाठी असतो. पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही, ठिपक्यांचा कागदही आपण टिपायचा नसतो. "तुमच्या खात्यावर अनुदान टाकतो, फक्त पिन मारा" असे कोणी म्हटले की तो चोर आहे, मग तो कितीही गोड मराठी बोलो. दुसरा प्रकार फाइलचा. 'पी.एम. किसान यादी', 'वीज बिल', 'लग्नपत्रिका' अशा नावाची, शेवटी एपीके असे लिहिलेली फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर येते. तो कागद नसतो, तो कार्यक्रम असतो. उघडून बसवला की तो आपल्या फोनमध्ये ठाण मांडतो, येणारे निरोप आपल्या आधी वाचतो आणि बँकेचा ओटीपी परस्पर चोराकडे पाठवतो. पाठवणारा आपला पाहुणा असला तरी उघडू नये, कारण पाहुण्याचा फोन आधीच फसलेला असतो आणि फाइल त्याच्या नकळत पुढे जात असते. तिसरा प्रकार "आज रात्री साडेनऊला वीज तोडणार, या नंबरवर फोन करा" हा. महावितरण असे निरोप कोणाच्या खाजगी नंबरावरून पाठवत नाही. चौथा, पोलिसाच्या वेषात व्हिडिओवर येऊन 'डिजिटल अटक' केली म्हणून सांगणारा. भारताच्या कायद्यात अशी अटकच नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून देशाला हेच सांगितले. फोन ठेवून द्यावा, एवढाच उपाय.

खरा निरोप ओळखण्याची एक खूण २०२५ पासून आली आहे. बँका, सरकारी खाती यांचे निरोप दहा आकडी नंबराऐवजी अक्षरी नावाने येतात आणि नावाच्या शेवटी आडवी रेघ देऊन एक इंग्रजी अक्षर असते. सरकारी असेल तर जी, बँकेचा व्यवहार असेल तर टी, सेवेची सूचना असेल तर एस, आणि जाहिरात असेल तर पी. दहा आकडी नंबरावरून "मी बँक बोलतेय" असा निरोप आला तर तो पुसून टाकावा.

एवढे करूनही पैसे गेलेच तर? लाजेने घरात लपवू नका. लगेच १९३० या नंबरवर फोन करा, खाते नंबर, रक्कम, वेळ सांगा आणि मग बँकेत जा. चोरलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात असे पळत असतात; तक्रार लवकर गेली तर वाटेतच अडवता येतात, दुसऱ्या दिवशी गेली तर बहुधा ते काढून घेतलेले असतात. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात असे ठरवले की ग्राहकाची व बँकेची चूक नसताना पैसे गेले आणि बँकेचा निरोप मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवले तर ग्राहकाला तोशीस नाही. सहकारी बँकांसाठी तसाच आदेश त्याच वर्षी डिसेंबरात निघाला. पण ग्राहकाने स्वतः पिन वा ओटीपी सांगितला असेल तर कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे त्यालाच सोसावे लागते. बँकेला कळवल्यानंतर गेलेल्या पैशाची जबाबदारी मात्र बँकेवर. म्हणून कळवल्याची तारीख-वेळ लिहून, पोच घेऊन ठेवा.

अंगठ्याविषयीही एक शब्द. आमच्या आजोबांचा अंगठा सावकाराच्या वहीवर जात असे. आता तो बँक मित्राच्या यंत्रावर जातो. "उमटला नाही, परत द्या" असे म्हणून दोनदा अंगठा घेतला तर दोनदा पैसे निघाले नाहीत ना, हे पावतीवर आणि फोनवर आलेल्या निरोपावर तेथेच पाहून घ्यावे. हा निरोप येण्यासाठी पुन्हा आपला स्वतःचा नंबर बँकेत हवा. विशेषतः ज्या भगिनींच्या नावे शेअर आणि ऊस आहे, पण नंबर घरच्या पुरुषाचा आहे, त्यांनी हे मनावर घ्यावे. घरधनी गेल्यावर त्यांचे सिम बंद पडते आणि बाईच्या खात्याचे निरोप कोठेच येत नाहीत, ही उदाहरणे गट ऑफिसात नवी नाहीत.

घरातल्या तरुण मंडळींना एक विनंती. आजोबांना, आत्याला शिकवताना फोन त्यांच्या हातातून घेऊ नका. त्यांचे बोट त्यांनाच टेकवू द्या, चुकले तर मागे कसे यायचे ते दाखवा, आणि तेच तेच पाचदा विचारले तरी चिडू नका. तुम्हाला दारे धरायला शिकवताना त्यांनी सरी किती वेळा फुटू दिली, ते त्यांना विचारा! पायऱ्या मोठ्या अक्षरांत वहीवर लिहून द्या. पिन मात्र त्या वहीत लिहू नका, आणि फोनच्या पाठीवर तर मुळीच नाही.

नंबर बदलण्याचा अर्ज सर्व गट ऑफिसांत व शेतकी विभागात मिळतो. सोबत शेअर सर्टिफिकेटचा नंबर, ऊस नोंदीची पावती आणि आपला फोन चालू स्थितीत आणावा. अर्ज देताच त्या नंबरावर एक चाचणी निरोप पाठवला जाईल. तो सभासदाने स्वतः उघडून क्लार्कला दाखवावा, म्हणजे नोंद पक्की होईल. चष्मा विसरू नये.